हलकं लिनक्स, जड ब्राउझर

नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लॅपटॉप २०१० सालचा. पहिल्या पिढीचा कोअर आय-थ्री, दोन जीबी रॅम, ३२० जीबीची फिरती हार्डडिस्क. घेतला तेव्हा त्यावर विंडोज ७ होतं. त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, मग विंडोज १० चढवलं, आणि त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे त्या पंगतीत आमच्या मशीनचा पाटच मांडलेला नव्हता. दोन जीबीत सगळं कसंबसं कोंबलेलं असायचं. सकाळी बटण दाबायचं, पूजा आटोपून यायचं, तोवर डेस्कटॉप आलेला असतो, असा नानांचा क्रम बसून गेला होता.

दुकानदाराचा सल्ला सरळ होता: एक्स्चेंजला टाका, हजारेक रुपये सुटतील. मला काही ते पटेना. स्क्रीनवर एक रेघ नाही, बिजागऱ्या घट्ट, आणि कीबोर्ड तर असा की आजच्या स्वस्त लॅपटॉपना तसा मिळत नाही. मी स्वतः घरी बरीच वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरतो, त्यामुळे लिनक्स घालायचं हे ठरलेलंच होतं. लिनक्सचे अवतार अनेक, त्यातलं कुठलं, एवढाच प्रश्न होता.

आणि तोच सगळ्यात वेळखाऊ. ‘हलकं लिनक्स कुठलं?’ असं पाच जणांना विचारलं की सात नावं हातात पडतात. पपी, अँटिक्स, लुबुंटू, झुबुंटू, बोधी, एमएक्स, मिंट. आणि एखादा हौशी असेल तर तो टायनी कोअरचं नाव काढतो, ज्याची डाउनलोड फाइल पंचवीस एमबीच्या आत आहे. प्रत्येकाच्या तुलनेत आकडा एकच असतो: नुसतं सुरू करून ठेवलं तर किती रॅम खातं. सुरुवातीला माझीही नजर त्याच आकड्यावर होती.

पण नानांना काय लागतं? नाना जिल्हा परिषदेच्या नोकरीतून निवृत्त. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ऑफिसात इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर मराठी टाइप करायला शिकले आणि आता न बघता बोटं चालतात. कोरेगावला ते आणि आई दोघंच. रोज दोन मराठी दैनिकं ब्राउझरमध्ये वाचायची, यूट्यूबवर कीर्तन लावायचं, महावितरणचं बिल भरायचं, कधीमधी सातबारा काढायचा, आणि भजनी मंडळाच्या अभंगांचा संग्रह नीट टाइप करून ठेवायचा. मी पुण्यात. काही अडलं तर फोनवरून सांगायचं. तेव्हा ‘फोनवर सांगता आलं पाहिजे’ ही माझी पहिली अट झाली. ती कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात सापडत नाही.

आधी मशीनची जात तपासली. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएससीपीयू’ असा आदेश दिला की वरच्या ओळींतच प्रोसेसर फक्त ३२-बिटचा आहे की ६४-बिटही चालवतो, ते कळतं. आमचा आय-थ्री ६४-बिट, त्यामुळे मैदान मोकळं होतं. वाटतो तितका हा प्रश्न किरकोळ नाही. लुबुंटूची शेवटची दीर्घ सपोर्टवाली ३२-बिट आवृत्ती १८.०४ ची, उबुंटूवर उभारलेल्या मुख्य मिंटची १९ च्या मालिकेतली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने तर ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच थांबवलं. गुगल क्रोम ३२-बिट लिनक्सवर २०१६ पासूनच मिळत नाही. जुने सल्ले वाचून ३२-बिट मशीनसाठी काही शोधायला निघालात तर निम्मी दारं बंद सापडतात.

३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय घातलं. हे एक फार कामाचं हत्यार आहे: एकदा घातलं की आयएसओ फाइली, म्हणजे प्रत्येक प्रणालीची इन्स्टॉल करायची अख्खी प्रत, त्यात नुसत्या कॉपी करायच्या, मशीन पेनड्राइव्हवरून सुरू केलं की यादी समोर येते, हवी ती निवडायची. दर वेळी पेनड्राइव्ह पुसून नव्याने लिहीत बसावं लागत नाही. फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा, म्हणजे एसएचए-२५६ चेकसम, प्रत्येकीचा तेवढा जुळवून घेतला. अर्धवट उतरलेली आयएसओ इन्स्टॉल होताना मध्येच अशा काही विचित्र चुका दाखवते की माणूस हार्डडिस्कला दोष देत बसतो.

पहिल्याच फेरीत एकही वेबसाइट उघडेना. वाय-फाय दिसत नव्हतं म्हणून राउटरची केबल थेट लावली होती, नेट येत होतं, तरी ब्राउझर प्रत्येक साइटला ‘जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून अडून बसलेला. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेलं: १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल मेला होता. लॅपटॉपची मुख्य बॅटरीही मेलेली, त्यामुळे प्लग काढला की मशीन तारीख विसरायचं. वेबसाइटच्या सर्टिफिकेटवर कधीपासून कधीपर्यंत वैध ते लिहिलेलं असतं, आणि मशीनच्या हिशोबाने ती सर्टिफिकेटं अजून जन्मालाच आली नव्हती. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तारीख घातली, पुढे सेल बदलला. जुना लॅपटॉप ‘इंटरनेट नीट चालत नाही’ म्हणून पडून असेल तर आधी त्याचं घड्याळ बघा.

मग एकेक प्रणाली लावून बघायला सुरुवात केली. इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवताना वेगाची परीक्षा करण्यात अर्थ नसतो, यूएसबी २.० वरून सगळंच रांगतं. बघायचं ते वेगळंच. वाय-फाय सापडतं का, आवाज येतो का, प्रकाश कमीजास्त करायची बटणं चालतात का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन झोपेतून उठतं का, आणि मेमरी किती जाते. नाना तेव्हा डोळ्यांच्या तपासणीसाठी पुण्यात आमच्याकडेच होते, त्यामुळे परीक्षक घरातच होता.

पपी लिनक्स ऑस्ट्रेलियातल्या बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलं. अख्खी प्रणाली रॅममध्ये चढते, आणि कितीही जुन्या मशीनवर मेनू टचकन उघडतात. दाद द्यावी असंच काम आहे. पण तिथे आपण नेहमीच रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार हातात घेऊन वावरतो, आणि केलेलं काम सेव्ह फाइलमध्ये कधी उतरतं याचं भान वापरणाऱ्याला ठेवावं लागतं. कोरेगावात वीज सांगून जात नाही, आणि लॅपटॉपला बॅटरी नाही. तासभर टाइप केलेले अभंग एका झटक्यात गेले तर नाना लॅपटॉपला हात लावणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पपी बाजूला ठेवलं. संकटकाळी दुसऱ्याच्या मशीनमधले फोटो वाचवायला मात्र ते माझ्या पेनड्राइव्हवर कायम असतं.

अँटिक्सने खरं मोहात पाडलं. डेबियन या जुन्या लिनक्सवर उभारलेलं, प्रणाली सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टीमडीला फाटा दिलेला, आइसडब्ल्यूएमचा साधा डेस्कटॉप, आणि सुरू झाल्यावर मेमरी दोनशे एमबीच्या आसपास. या आकड्यावर माझ्यासारखा माणूस भाळतोच. नानांना समोर बसवलं. त्यांनी मेनू उघडला, इतकी सारी नावं बघून चष्मा वर केला आणि म्हणाले, “यातलं मला काय लागतं?” प्रश्न रास्त होता. एकाच कामाला दोन-तीन छोटी ॲप्स, प्रत्येकाची खिडकी वेगळ्या तऱ्हेची. ज्याला आतलं कळतं त्याच्यासाठी हा खजिना. फोनवरून नानांना तो खजिना उघडून दाखवायची माझी तयारी नव्हती.

लुबुंटू २४.०४ दिसायला ओळखीचं. एलएक्सक्यूटीचा डेस्कटॉप, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, मेमरी पाचशे एमबीच्या आसपास. उबुंटूच्या इतर भावंडांप्रमाणे यातही फायरफॉक्स स्नॅप पॅकेज म्हणून, म्हणजे सगळा लवाजमा सोबत बांधून, येतो, आणि जुन्या फिरत्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडताना अंमळ वाट बघायला लावतो. ते चाललं असतं. पण या आवृत्तीला सपोर्ट तीन वर्षांचा, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. आत्ताच कुठे नाना रुळणार आणि लगेच मोठी उलथापालथ करायची, हे मला नको होतं.

हार्डवेअर ओळखण्यात एमएक्सने बाजी मारली. अँटिक्सची आणि मेपिस नावाच्या जुन्या लिनक्सची मंडळी एकत्र येऊन हे चालवतात, आणि त्यांची मशीन जुळवायची छोटी छोटी साधनं खरोखर हुशारीने केलेली आहेत. वाय-फाय पहिल्या झटक्यात लागलं. बाकी कुणालाच ते जमलं नव्हतं. फक्त त्याची पट्टी मुळात डाव्या बाजूला उभी असते. नाना स्क्रीनकडे बघत राहिले. “अरे, खालची पट्टी कुठं गेली?” दोन क्लिकमध्ये ती खाली आणता येते, मी आणलीही. एमएक्स घातलं असतं तरी काही बिघडलं नसतं, हे आजही माझं मत आहे.

शेवटी मिंट, एक्सएफसीई डेस्कटॉपचं. सुरू झाल्यावर पाऊण जीबी. हलक्यांच्या यादीत याला लोक काठावर बसवतात. दोन जीबीच्या मशीनला नकोच, असंही सांगतात.

आता खरी गंमत. अँटिक्सवर फायरफॉक्स उघडला आणि नानांच्या रोजच्या दैनिकाचं पहिलं पान लावलं. दोनशेवरचा आकडा सव्वा जीबीवर गेला. मिंटवर तेच केलं. पाऊण जीबीचे एक पूर्णांक आठ झाले. म्हणजे दोन डेस्कटॉपमध्ये फरक साडेपाचशे एमबीचा, आणि ब्राउझर उघडून वर्तमानपत्राचं एक पान वाचायचा खर्च जीबीभर! ते पान थोडं खाली सरकवून बघा. आपोआप वाजणारी चित्रफीत, बाजूने सरकत येणारी जाहिरात, तिच्या खाली दुसरी, मग ‘तुम्हाला हेही आवडेल’ची न संपणारी रांग. बातमी चार परिच्छेदांची. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन लावलं, तेच पान पुन्हा उघडलं, तर आकडा चांगलाच खाली उतरला आणि पंख्याचा आवाजही थांबला. डेस्कटॉप बदलून जेवढी मेमरी वाचवायला मी धडपडत होतो, त्यातली बरीचशी या एका एक्स्टेन्शनने वाचवली.

तिथे ‘सगळ्यात हलकं कुठलं’ हा प्रश्न मी सोडून दिला. साडेपाचशे एमबी रॅम विकत मिळते.

ती घ्यायला पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, लॅपटॉपची डीडीआर-थ्री, चार जीबी. त्याने एक पट्टी काढली आणि विचारलं, “कुठली जनरेशन?” पहिली म्हटल्यावर ती परत ठेवली, मागच्या डब्यात हात घातला आणि दुसरी शोधू लागला. “दादा, पहिल्या जनरेशनला सोळा चिपवाली लागते. दोन्ही बाजूंनी आठ-आठ. आठ चिपवाली टाकली तर डिस्प्लेच येणार नाही.” मी घरी येऊन त्यामागचं कारण बघितलं. त्या पिढीच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर दोन गिगाबिटपर्यंतच्या चिपाच ओळखतो. चार जीबीची पट्टी अशा सोळा चिपांची केलेली असेल तर चालते. पुढे चार गिगाबिटच्या आठ चिपांत तेवढीच पट्टी व्हायला लागली, ती या मशीनला समजत नाही. पट्टीच्या लेबलवर ‘२ आर एक्स ८’ असं असेल तर ती दोन्ही बाजूंची. कंपनीच्या माहितीपत्रकात हे कुठे ठळक लिहिलेलं नसतं, त्या पोराला ते हातातल्या मालावरून माहीत होतं. वापरलेलीच पट्टी घेतली, पाचशेच्या आत. आधीची दोन जीबीची तशीच ठेवली, झाली सहा.

त्याच दुकानातून २४० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क. २०१० च्या या मशीनचं साटा, म्हणजे डिस्कची जोडणी, जुन्या, तीन गिगाबिटच्या वेगाचं, त्यामुळे एसएसडी पूर्ण ताकदीने पळत नाही. पळायची गरजही नाही. जुनी डिस्क मंद असते ती शेकडो बारक्या फाइली इकडून तिकडून गोळा करताना, आणि नेमका तोच त्रास एसएसडीत संपतो. या सगळ्या उद्योगात एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर मी डोळे झाकून एसएसडी सांगेन. मग तिच्यावर या यादीतलं कुठलंही लिनक्स घाला. जुनी हार्डडिस्क पुसली नाही. यूएसबीच्या केसमध्ये बसवून तशीच ठेवली. नानांचे फोटो, पीडीएफ, कागदपत्रं सगळं जिथल्या तिथे राहिलं, बॅकअप घ्यायची कटकटही वाचली.

सहा जीबी आणि एसएसडी आल्यावर निवड माणसाकडे बघून करता आली. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. फायरफॉक्स त्यात साध्या पॅकेजच्या रूपात येतो. अपडेट आले की खाली उजवीकडे ढालीचं चिन्ह दिसतं, त्यामुळे फोनवर “नाना, खाली उजवीकडे ढाल दिसतेय का?” एवढंच विचारलं की काम भागतं. टाइमशिफ्टने रोज प्रणालीची एक प्रत बाजूला पडते; अपडेटने काही बिघडलंच तर आदल्या दिवसावर परत येता येतं. अचानक वीज गेली तर ईएक्सटी-फोर ही फाइलव्यवस्था चालू बदलांची नोंदवही (जर्नल) ठेवत असल्याने पुढच्या वेळी सुरू होताना स्वतःला सावरते. न साठवलेला मजकूर मात्र जातो, म्हणून लिबरऑफिसमध्ये दर दोन मिनिटांनी आपोआप साठवण्याची व्यवस्था लावून दिली.

इन्स्टॉल करणं हा भाग आता इतका सोपा झालाय की त्यावर लिहायला काही नाही. गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिचकी मारायला विसरू नका, इतकंच.

वाय-फायसाठी मिंटला बाहेरून ड्रायव्हर हवा होता, आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं, म्हणजे ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही’मधली गत. कोरेगावात हे केलं असतं तर केबलही हाताशी नसती. अशा वेळी मोबाइल यूएसबीने जोडायचा आणि त्यात यूएसबी टेदरिंग चालू करायचं. लिनक्स त्याला केबलचं नेट समजून लगेच उचलतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने सुचवलेला ड्रायव्हर घातला, मशीन पुन्हा सुरू केलं, झालं. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झची आहे. घरातल्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नाव यादीत येत नाही म्हणून ड्रायव्हर पुन्हा पुन्हा घालत बसू नये.

यूट्यूबवर पंखा पुन्हा किंचाळायला लागला. यूट्यूब शक्यतो व्हीपी-नाइन किंवा एव्ही-वन या नव्या पद्धतीने आवळलेलं चित्र पाठवतं. २०१० च्या ग्राफिक्सला ते सोडवता येत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. ‘एच २६४ इफाय’ नावाचं छोटं एक्स्टेन्शन यूट्यूबला जुन्या एच २६४ मध्ये चित्र द्यायला लावतं. ते घातलं, दर्जा ४८० वर ठेवला. कीर्तनाला एवढं पुष्कळ. व्हिडिओ कॉल मात्र मी या मशीनवर लावून दिला नाही. नातीशी बोलायला फोन आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अभंगांत. नानांच्या संग्रहाचा अर्धा भाग बऱ्याच वर्षांपूर्वी गावातल्या डीटीपीवाल्याने टाइप करून दिलेला. फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ‘ई-जे-के-बी-एच’. नाना म्हणाले, “गेलं वाटतं सगळं.” गेलं काही नव्हतं. ते कृतिदेवमध्ये टाइप केलेलं होतं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत, येण्याआधीचे हे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली मराठी चित्रं: ‘ई’च्या जागी म, ‘जे’च्या जागी र, ‘के’च्या जागी काना. फाँट मशीनवर असेल तोवर मराठी दिसतं, नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. केसमधली जुनी डिस्क जोडली, तिच्यातल्या विंडोजच्या फाँट फोल्डरमधून कृतिदेवच्या फाइली उचलल्या, नानांच्या होम फोल्डरमध्ये ‘फाँट्स’ नावाचा लपवलेला फोल्डर करून त्यात टाकल्या आणि लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडलं. पानभर तुकोबा परत.

म्हणजे वाचायची सोय झाली. पण अशा मजकुरात शोध घेता येत नाही आणि व्हॉट्सॲपवर पाठवला की पुन्हा चिवडा. म्हणून कन्व्हर्टरमधून एकेक अभंग युनिकोडमध्ये आणायचा. रफार आणि पहिली वेलांटी इकडेतिकडे होते, काही जोडाक्षरं फुटतात, ती हाताने दुरुस्त करायची. नानांनी हे काम स्वतःकडे घेतलं. गाथा उशाशी असतेच, त्यामुळे ताडून बघायला दुसरीकडे जावं लागत नाही. जुना लॅपटॉप पुसण्याआधी त्यातले फाँट काढून ठेवा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो. फोटो सगळे जपतात, फाँट कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

टाइप करायला वेगळं काही घालावं लागलं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आराखडा मुळातच असतो. तो जोडला आणि आल्ट-शिफ्टने भाषा बदलायची सोय केली. ज्यांना रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस या भाषा बदलून देणाऱ्या साधनात एम-१७-एन या संचाचे आराखडे मिळतात, गमभन या मराठी टंकलेखन साधनाचाही त्यात आहे. नानांनी पहिली ओळ टाइप केली, ‘ळ’ नेहमीच्या जागी, म्हणजे शिफ्ट धरून ‘एन’वर सापडला आणि त्यांचा चेहरा खुलला. मी डेस्कटॉपचे मेनूही मराठीत करून दाखवले, पण भाषांतर काही ठिकाणी झालेलं, काही ठिकाणी राहिलेलं. शिवाय “प्रिंटला प्रिंटच म्हणतात” असं नानांचं म्हणणं पडलं. मेनू इंग्रजीत ठेवले. वाचायला ‘मुक्त’ नावाचा फाँट, आकार मोठा.

प्रिंटचं म्हणाल तर ते अजून अडलेलंच आहे. शेजारच्यांचा जुना लेझर प्रिंटर आहे, त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर इतका जुना की आजच्या ६४-बिट प्रणालीवर त्याला बसवणं म्हणजे एक स्वतंत्र प्रकल्प. नव्या प्रिंटरना बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सध्या नाना पीडीएफ करून फोनवर पाठवतात आणि एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढतात. घरात प्रिंटर असेल आणि तो रोज लागत असेल, तर लिनक्स घालायच्या आधी ओपनप्रिंटिंग या वेबसाइटवरच्या लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांच्या यादीत त्याचं मॉडेल बघून घ्या.

लॅपटॉप कोरेगावला गेल्यावर पहिल्या आठवड्यात फोन बरेच आले. ‘डाउनलोड केलेला सातबारा कुठं गेला’, ‘स्क्रीन काळी झाली’ (झोपली होती), ‘पासवर्ड कशाला मागतोय’. मग कमी झाले. डेस्कटॉपवर मी मोजकेच आयकॉन ठेवले होते: ब्राउझर, अभंगांचा फोल्डर, लिबरऑफिस रायटर आणि बंद करायचं बटण. आता आईने तिथे पत्त्यांचा डाव आणून ठेवलाय. तो तिने स्वतः सॉफ्टवेअर मॅनेजरमधून शोधून घातला, मला कळलंही नाही.

आणि हे बघून मामांनी त्यांचं नेटबुक आणून दिलं. ॲटम एन-२७०, एक जीबी रॅम. हा प्रोसेसर निव्वळ ३२-बिट. इथे पुन्हा सगळा हिशोब उलटा झाला आणि अँटिक्सची ३२-बिट आवृत्ती हाच सगळ्यात शहाणा पर्याय निघाला. मशीन चालतं छान. दोनशे एमबीत प्रणाली, उरलेल्यात मामांची हिशोबाची वही आणि भीमसेन जोशी. पण फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्ससाठी १४४ ही शेवटची आवृत्ती दिली, पुढे ईएसआर १४० या दीर्घ सपोर्टवाल्या आवृत्तीवर सुरक्षेचे अपडेट काही काळ मिळतील तेवढेच. आणि मिळाले तरी एक जीबीत आजचं एक पान नीट उघडत नाही. म्हणून ब्राउझरचा आयकॉन मी तिथून काढूनच टाकलाय. मामा विचारतात, यावर इंटरनेट का नाही? मी म्हणतो, मोबाइलवर आहे की.